जुनं कॉलेज की नवं?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रजचा बोगदा, मग खेड-शिवापूरचा टोलनाका आणि पुढं थोड्या अंतरावर आमचं शिवरे. गाव हायवेला लागून आहे, त्यामुळं पुण्याचं वारं आमच्याकडे लवकर पोचतं. पण कसलाही फॉर्म भरायची वेळ आली की माणसं अजून गावातच कुणीतरी लिहिता-वाचता माणूस शोधतात. मी बी.ए. मराठी, त्यात कविता करणारा. म्हणजे मला सगळं कळत असणार, असा एक समज आमच्या आळीत आहे आणि तो मी कधी फार जोरानं खोडून काढला नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यात शेजारचे अण्णा मुलीला घेऊन आले. भाताची लावणी नुकतीच उरकलेली, पायाचा चिखल धुऊन थेट आलेले. म्हणाले, "भाई, पोरीला नीटमध्ये मार्क पडलेत. सरकारी कॉलेज लागतंय म्हणतात. आता कॉलेजांची नावं क्रमानं लिहून द्यायचीत. तेवढं बघा की." मुलीनं कागद पुढं केला आणि विचारलं, "चाचा, जुनं वर घालू का नवं?"

प्रश्न साधा होता आणि मला उत्तर येत नव्हतं. पुढचे आठ-दहा दिवस मी ओळखीच्या डॉक्टरांना फोन केले, नियम वाचले, एक-दोन ठिकाणी जाऊन आलो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो आहे. तुमच्याही घरात किंवा शेजारी असा कागद येणारच आहे.

आधी तिच्या कागदाविषयी. पुण्याचं बी.जे. तिच्या मार्कांत बसत नव्हतं. ससून रुग्णालय १८६७ पासून उभं आहे. आधी तिथं वैद्यकीय शाळा होती, तिचं १९४६ मध्ये कॉलेज झालं. तिथं जायला महाराष्ट्रातली निम्मी हुशार मुलं रांगेत असतात. पोचण्यासारखं होतं ते मिरज, १९६२ सालचं. तेही काठावर. त्याखाली साताऱ्याचं सरकारी कॉलेज, २०२१-२२ मध्ये शंभर जागांनी सुरू झालेलं. बारामतीचं २०१९ चं. पुण्यातच महापालिकेनं कमला नेहरू रुग्णालयाच्या आधारानं काढलेलं अटलबिहारी वाजपेयींच्या नावाचं, २०२२ चं. आणि मग लांबची नावं: वाशिम, हिंगोली, बुलढाणा, गडचिरोली.

ही लांबची नावं पूर्वी आमच्याकडच्या मुलीच्या कागदावर आलीच नसती. महाराष्ट्रात सत्तर-तीसचा नियम होता. विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र अशा वाटण्या होत्या आणि सत्तर टक्के जागा आपापल्या विभागातल्या मुलांना मिळत. तो नियम २०२० च्या सप्टेंबरात सरकारनं काढून टाकला. शिवाय नवी कॉलेजं भराभर निघाली. २०२४ च्या ९ ऑक्टोबरला तर एकाच दिवशी दहा सरकारी कॉलेजांचं उद्‌घाटन झालं: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. एकेका जिल्ह्यानं त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले होते. पण मोर्चा निघतो कॉलेज मिळावं म्हणून. ते मिळाल्यावर आपल्या मुलीला तिथं घालायचं का, हा प्रश्न त्याच माणसाला घरी आल्यावर पडतो.

पहिली भीती पदवीची. अण्णांनी हेच विचारलं, "नव्या कॉलेजची डिग्री चालती का?" सरकारी कॉलेजपुरतं उत्तर सोपं आहे. पदवी कॉलेज देत नाही, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं. परीक्षा त्याच, प्रश्नपत्रिका त्याच. मिरज असो की सातारा, कागद एकच. नव्या कॉलेजला सुरुवातीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची परवानगी वर्षावर्षानं घ्यावी लागते आणि पहिली तुकडी शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचली की मान्यतेचं बघतात. त्यामुळं 'मान्यता नाही' हा शब्द कानावर आला की घाबरून जायचं कारण नाही, त्या वर्षीची परवानगी आहे का एवढं पाहायचं.

खासगी नव्या कॉलेजची गोष्ट निराळी. तिथं फार जपून. तपासणीच्या दिवसापुरत्या खाटा भरतात, शिक्षक त्या दिवसापुरते उगवतात, हे आपण वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं वाचत आलो. २०२५ च्या मध्यावर सीबीआयनं अशा तपासण्यांतल्या लाचखोरीवरून देशभरातल्या बऱ्याच मंडळींवर गुन्हा नोंदवला, त्यात अधिकारी होते आणि तपासणीला जाणारे डॉक्टरही. वर्षाला लाखो रुपये मोजून ज्या वॉर्डात रुग्णच नाहीत तिथं पोरगं पाठवणाऱ्या बापाची मला काळजी वाटते. अण्णांच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता, तेवढे पैसे नव्हते.

मग उरलं खरं कोडं. दोन्ही सरकारी, दोन्हींची पदवी एक, एक साठ वर्षांचं आणि एक चार वर्षांचं. लोक जुनं वर का घालतात?

मुलांना विचारलं तर ती 'कटऑफ' सांगतात. गेल्या वर्षी अमुक कॉलेज इतक्या मार्कांना बंद झालं, म्हणजे ते चांगलं. ते तितक्या मार्कांना का बंद झालं? कारण त्याच्या आदल्या वर्षीही तसंच झालं होतं. पुढचा गेला म्हणून मागचा जातो. आमच्या हायवेवर एका हॉटेलसमोर दहा गाड्या दिसल्या की अकरावी तिथंच थांबते. आतली मिसळ कशी आहे ते खाल्ल्यावर कळणार.

वय आणि गुण यांची सांगड असतेच असं नाही. १९१० मध्ये अमेरिकेत अब्राहम फ्लेक्स्नर नावाच्या एका गृहस्थानं अमेरिका आणि कॅनडातली १५५ वैद्यकीय विद्यालयं फिरून अहवाल लिहिला. हा माणूस डॉक्टर नव्हता, शाळामास्तर होता, हे वाचून मला जरा धीर आला. त्यानं पुष्कळ विद्यालयांची लक्तरं वेशीला टांगली. आणि नमुना म्हणून पुढं ठेवलं ते जॉन्स हॉपकिन्सचं विद्यालय, जे १८९३ मध्ये निघालं होतं. म्हणजे अवघं सतरा वर्षांचं. पण त्याचं रुग्णालय आधी उभं राहिलं होतं, १८८९ मध्ये. आधी रुग्णालय, मग चार वर्षांनी विद्यालय. ही गोष्ट मी मनात नोंदवून ठेवली.

आपल्याकडेही तसं उदाहरण आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होतं, सरकारचं, भारदस्त. १९२६ मध्ये परळला सेठ गोरधनदास सुंदरदासांच्या देणगीतून जी.एस. कॉलेज आणि त्याला जोडून के.ई.एम. रुग्णालय सुरू झालं. देणगीची अट अशी की शिकवणारे सगळे हिंदी लोकच असतील. तोवर मोठ्या जागा गोऱ्यांच्या होत्या. १९२६ साली एखाद्या रत्नागिरीच्या किंवा साताऱ्याच्या बापापुढं हाच कागद आला असेल, ग्रँट की हे नवं? आज के.ई.एम.ला कुणी नवं म्हणत नाही.

आणि आपल्या पहिल्या डॉक्टरबाई. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये बोटीनं अमेरिकेला गेल्या त्या फिलाडेल्फियाच्या ज्या कॉलेजात, ते बायकांसाठीच १८५० मध्ये काढलेलं होतं. रखमाबाई लंडनला ज्या विद्यालयात शिकल्या ते १८७४ मध्ये निघालेलं. जुन्या, नामांकित विद्यालयांची दारं बायकांना बंद होती म्हणून ही नवी निघाली. लंडनच्या त्या विद्यालयाची सुरुवातीची हकीकत मला फार बोलकी वाटते. वर्ग सुरू झाले, शिक्षक मिळाले, मुली आल्या, पण त्यांना वॉर्डात घ्यायला एकही मोठं रुग्णालय तयार होईना. रुग्णाजवळ गेल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. तीन वर्षं असं लोंबकळल्यावर १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलनं दार उघडलं आणि मग ते विद्यालय खऱ्या अर्थानं चालू झालं.

हे वाचल्यावर अण्णांच्या मुलीला मी पहिला सल्ला दिला, की कॉलेजची इमारत बघू नकोस, रुग्णालय बघ.

आपल्याकडचं नवं सरकारी कॉलेज बहुतेक वेळा जिल्हा रुग्णालयाला जोडून निघतं. पाटी बदलते, पण आतली गर्दी जुनीच असते. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय कॉलेजच्या कितीतरी आधीपासून जिल्ह्याचे रुग्ण बघतं आहे. २०२३ च्या नियमांप्रमाणे शंभर जागांच्या कॉलेजला किमान ४२० खाटांचं रुग्णालय लागतं. अडीचशे जागांना ९०० खाटा. हिशेब करून पाहा. शंभर मुलांमागं माणशी चार खाटांहून जास्त आल्या आणि अडीचशे मुलांमागं चारालाही कमी. नियमाच्या कागदावर लहान कॉलेज थोडं वरचढच ठरतं. अर्थात मोठ्या शहरातल्या जुन्या रुग्णालयात खाटा संपल्या तरी रुग्ण संपत नाहीत, ते दोन खाटांच्या मध्ये सतरंजी टाकून झोपतात.

तेव्हा खाटा मोजून पुरत नाही. खाटेपाशी कोण उभं आहे तेही बघावं लागतं. इथं मला घरची गोष्ट सांगावीशी वाटते.

वीसएक वर्षांपूर्वी अम्मीच्या पोटात दुखायला लागलं, अशक्तपणा आला. पुण्यातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात तिला ठेवलं. सकाळी मोठे डॉक्टर यायचे, मागं दहा-बारा मुलामुलींचा घोळका. सर दोन वाक्यं बोलायचे आणि मग ती सगळी पोरं एकामागून एक अम्मीचं पोट दाबून बघायची. तिसऱ्या दिवशी ती वैतागली. मला म्हणाली, "मी काय कणकेचा गोळा आहे का रे?" त्याच रात्री त्यातला एक मुलगा परत आला. नांदेडकडचा होता, बोलण्यावरून कळायचं. स्टुलावर बसला आणि गप्पा मारल्यासारखं विचारत गेला. गुडघे दुखतात का? काय घेता? अम्मीनं सांगितलं, दुकानातून गोळ्या आणते, दोन वर्षं झाली, रोज दोन. परसाकडला काळं होतं का? होतं, पण हे कुणी विचारलंच नाही, आणि आपण होऊन कसं सांगायचं? मुलगा उठला आणि तडक रजिस्ट्रारला घेऊन आला. रात्रीचे दीड वाजले असतील. दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात जखम झाली होती आणि आतल्या आत रक्त जात होतं. पुढची बारा वर्षं अम्मी आमच्यात होती.

ही गोष्ट मी एका डॉक्टर मित्राला सांगितली. मला वाटलं, तो त्या मुलाचं कौतुक करील. तो म्हणाला, "मुलगा हुशार होताच. पण दीड वाजता त्याला सांगायला कुणीतरी होतं, हे बघ." जुन्या कॉलेजात निवासी डॉक्टर असतात, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढचं शिकणारे. दिवसरात्र वॉर्डात राहतात. विद्यार्थ्याला सलाइन लावायला, टाके घालायला, ईसीजी वाचायला खरं शिकवतात ते हेच दोन-तीन वर्षांनी मोठे असलेले दादा-ताई. प्राध्यापक सकाळी भेटतो, हे रात्री भेटतात. नव्या कॉलेजात पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू व्हायला वर्षं जातात, तोवर ही मधली पायरीच नसते. २०२५ च्या नियमांनी नव्या सरकारी कॉलेजांना पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही एकदम सुरू करायची मुभा दिली आहे. ती प्रत्यक्षात किती ठिकाणी उतरते ते बघायचं.

याच नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती मला एका इंटर्न मुलीनं सांगितली. जुन्या कॉलेजात बाळंतपण असो की हाड बसवणं, आधी निवासी डॉक्टरांचा हात, मग इंटर्नचा, आणि विद्यार्थी तिसऱ्या ओळीत टाचा उंचावून बघणार. नव्या कॉलेजात मधे कुणी नसल्यामुळं जिल्हा रुग्णालयातले जुने डॉक्टर मुलांनाच पुढं ओढतात. ती म्हणाली, "काका, आमच्या तुकडीतल्या प्रत्येकीनं बाळ हातात घेतलंय." जुन्या कॉलेजातल्या तिच्या मैत्रिणी ते सांगू शकत नव्हत्या.

शिक्षकांचं मात्र नव्या ठिकाणी सगळीकडेच अवघड आहे. पदं मंजूर होतात, भरली जात नाहीत. जुन्या कॉलेजातून कुणाला तात्पुरतं पाठवतात, तो बिचारा बॅग न उघडता दिवस काढतो आणि बदली झाली की निघतो. आमच्या शेजारी शिवापूरला कमरअली दरवेशांच्या दर्ग्यात एक दगड आहे. अकरा जणांनी एकेक बोट लावून नाव घेतलं की उचलतो, असा सगळ्यांचा अनुभव. सात जण आले तर बाहेर जाऊन चार माणसं शोधून आणावी लागतात. नव्या कॉलेजचा डीन बहुतेक अशीच माणसं शोधत फिरत असतो. तेव्हा जाण्याआधी चौकशी करावी, की शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन या पहिल्या वर्षाच्या विषयांना कायमचे शिक्षक किती आहेत.

शरीररचनेवरून आणखी एक. पहिल्याच वर्षी मुलं मृतदेहावर शिकतात. बेवारस देह या कामाला देता यावेत म्हणून मुंबई राज्यात १९४९ चा कायदा झाला, पण आज भिस्त आहे ती देहदानावर. जुन्या कॉलेजकडे देहदानाचे फॉर्म भरलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची असतात. नव्या कॉलेजला ती ओळख व्हायला वेळ लागतो, मग एका टेबलाभोवती फार मुलं होतात. आमच्या घरात देहदानाचा विषय मी एकदा काढला होता. सगळे गप्प झाले आणि बायकोनं चहा आणून ठेवला. विषय तिथंच आहे.

हॉस्टेलचं अण्णांच्या बायकोनं विचारलं. जुन्या कॉलेजला भिंती असतात, जुनी झाडं असतात, म्हणून ते सुरक्षित असं तिला वाटत होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात एका निवासी डॉक्टर मुलीवर जे झालं ते आर.जी. कर कॉलेजात झालं, १८८६ सालापासूनच्या. नव्या कॉलेजात मुलींचं वसतिगृह कधी भाड्याच्या इमारतीत असतं आणि रात्रपाळीला रस्ता ओलांडून जावं लागतं. दोन्हीकडे तोच प्रश्न विचारायला हवा: रात्री दोन वाजता वॉर्डातून खोलीपर्यंत ती कशी येणार? आणि तो प्रॉस्पेक्टसला न विचारता तिथल्या मुलींना विचारायला हवा.

सल्ला देऊन भागलं नाही. एका सकाळी अण्णा, मुलगी आणि मी शिवऱ्याच्या फाट्यावरून एसटीनं साताऱ्याला गेलो. केसपेपरच्या रांगेच्या कडेला बाकावर दोन तास बसून राहिलो. जावळीकडची एक म्हातारी शेजारी होती. तिला विचारलं, इथं शिकणारी पोरं येतात का? म्हणाली, "येत्यात की. बीपी बघत्यात, गाव इचारत्यात. एकीनं तर माझं समदं ऐकून घेतलं." मुलगी ते ऐकत होती.

मिरजेला आम्ही गेलो नाही, लांब पडतं. माझं मन मात्र मिरजेकडे होतं. वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरनं १८९४ मध्ये तिथं रुग्णालय उभारलं तेव्हापासून ते गाव डॉक्टरांचं आहे. शिवाय मिरज म्हटलं की मला तंबोरे, मीरासाहेबांचा दर्गा आणि अब्दुल करीम खाँसाहेब आठवतात. कॉलेज निवडायला हे कारण नाही, कबूल. पण निवासी डॉक्टर, जुने विभाग, साठ वर्षांची पुस्तकं, हे कारण होतं. मी तिला मिरज वर घालायला लावलं, सातारा दोन नंबरला. अण्णांना उलट हवं होतं. सातारा दोन तासांवर, पोरीला बरं वाटलं नाही तर संध्याकाळपर्यंत घरी आणता येतं.

पहिल्या फेरीत सातारा लागलं. ती रुजू झाली. दुसऱ्या फेरीत मिरज मिळेल अशी चिन्हं होती. पण ज्याला मिळालेलं कॉलेजच ठेवायचं आहे त्याच्यासाठी 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म असतो. तो भरला की पुढच्या फेऱ्या बंद. मुलीनं तो फॉर्म भरला आणि मग मला फोन केला.

मी चिडलोच. म्हटलं, "अगं, विचारायचं तरी!"

"चाचा, तुम्ही रुग्णालय बघ म्हणालात. मी बघितलं. इथं वॉर्डात उभं राहायला जागा आहे."

"आणि रात्री शिकवणारं?"

"ते नाही अजून," ती म्हणाली. "येतील तेव्हा येतील. तोवर मेडिकल ऑफिसर मॅडम आहेत, त्या रागावतात पण सांगतात."

माझं अजून पटलेलं नाही. मी असतो तर मिरजेला गेलो असतो. पण मला वर्गात बसायचं नाही.

आता पहिल्या वर्षालाच मुलांना गावातली काही कुटुंबं दत्तक देतात. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या घरी जायचं, तब्येतीची विचारपूस करायची, वह्या भरायच्या. २०२२ पासून सगळ्याच कॉलेजांना ही पद्धत लागू आहे. परवा रविवारी तिचा फोन आला. मला वाटलं, पैसे किंवा सुट्टीचं काही असेल.

"चाचा, एक विचारायचं होतं. एक आजी म्हणतात कमरेत कळ येते, आणि त्यांची सून म्हणते ठणका लागतो. सर म्हणाले दोन्हीला वेदना लिही. पण मला वाटतं ते वेगळं आहे. तुम्ही सांगा ना."

मी तिला सांगितलं, की कळ येते आणि जाते, ठणका थांबून राहतो, नाडीबरोबर उडतो. चमक एकदम निघते आणि संपते. सल दिसत नाही, पण बसता-उठता टोचतो. तिनं मधेच थांबवलं, म्हणाली, "सावकाश, लिहून घेते."